कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय? पाना जरा बाजूला ठेवा

बोटीच्या इंजिनाची दोरी ओढून ओढून खांदा दुखतोय, पेट्रोलचा भपकारा येतोय आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरलाय. पूर्वी अशा वेळी मी थेट कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलायचो. आता आधी स्वतःच्या हाताची झडती घेतो, कारण कितीदा तरी दोष माझ्याच पंप मारण्यात आणि चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणारी पट्टी) ओढण्यात निघालाय.

त्याही आधी नाक वापरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. इंजिन आत बसवलेलं असेल तर झाकणं उघडा, ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवा आणि खाली वाकून वास घ्या. वास असेपर्यंत बॅटरीच्या तारेला हात नको. एक ठिणगी पुरते.

आता इंजिन सुकवू. पेट्रोलचा पाइप इंजिनापासून काढा, चोक पूर्ण आत ढकला, स्पार्क प्लग काढा. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी ओढून ठेवा आणि प्लगच्या टोप्या इंजिनाच्या धातूला अर्थ करा. मग आठ-दहा वेळा स्टार्टची दोरी ओढा. भोकातून फवारा उडेल, तोंड समोर नको. प्लग पुसून, वाळवून परत बसवा.

पाइप जोडा आणि त्यावरचा पेट्रोल पंप करायचा रबरी बल्ब दाबत जा, घट्ट होईपर्यंतच. पाच मिनिटं थांबा. बल्ब घट्टच राहिला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून थेंबही आला नाही, तर कार्बोरेटर बहुधा निर्दोष. गरम इंजिनाला चोक दिला होता का? चोकची पट्टी पूर्ण उघडते का? सुटी टाकी उन्हात फुगली होती का? फुगलेल्या टाकीचा दाब चांगल्या नीडललाही (कार्बोरेटरमध्ये शिरणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईलाही) मागे ढकलतो. म्हणून बोट उभी करताना पाइप काढून ठेवायचा, एवढं सोपं आहे ते.

बल्ब सैल पडतोय आणि कार्बोरेटरमधून ठिबकतंय? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीवर हलकेच टकटक करा. थांबलं तर नीडलखाली कचरा अडकला होता. वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. पाणी तळाशी वेगळं दिसतं. फिल्टर बदला, नाहीतर हेच पुन्हा करायचंय.

तरीही ठिबकत असेल तर आता पाना घ्या. नीडलच्या टोकावरून नख फिरवा. गोल खाच लागली तर नीडल गेली. सीट, म्हणजे नीडल जिथे टेकते ती जागा, निघत असेल तर तीही सोबत बदला. निघत नसेल तर इअरबडने पुसा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका.

फ्लोटला, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणाऱ्या पोकळ भागाला, मात्र मी एकदा फसलो. लागोपाठ दोन नव्या नीडल बसवल्या, ओव्हरफ्लो तसाच. वैतागून पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं! सुईएवढं छिद्र. जड झालेला फ्लोट तरंगेल कसा आणि नीडल बंद करेल कशी? शंका असेल तर फ्लोट गरम पाण्यात बुडवा, छिद्रातून बुडबुडे येतात. पाणी शेगडीवर तापवून भांड्यात ओता आणि शेगडी व इंजिन दोन्हींपासून लांब आणा. पेट्रोल लागलेला फ्लोट शेगडीजवळ नेऊ नका.

फ्लोटची उंची तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते, अंदाजाने ठरवू नका. वाकवायची ती फक्त नीडलवर टेकणारी छोटी पट्टी, तीही फ्लोट नीडलवर दाबून नव्हे. नीडलचं रबरी टोक तेवढ्याने चेपतं.

जोडल्यावर बल्बची परीक्षा पुन्हा घ्या. आणि इंजिन फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळं भरायचं) असेल तर दोरीला हात लावण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढा. ऑइलची पातळी वाढलीय, पेट्रोलचा वास येतोय? मग इंजिन चालू करू नका. ऑइल बदला आणि इंजिनातल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय का ते बघा.