तारीख तोच अध्याय : डिसेंबरात लूक कसा जगावा

१ डिसेंबरला सकाळी चहा ठेवला की मी बायबलमधला लूक उघडते. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय बरोबर २४, त्यामुळे जी तारीख तोच अध्याय. ही रीत आईने अहमदनगरहून इंदूरला येताना आणली आणि सुदामा नगरातल्या आमच्या घरात ती अजून चालू आहे. मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. कितीतरी नाताळ नाइट ड्यूटीत गेले, उपासना हुकली, पण त्या दिवसाचा अध्याय कधी राहिला नाही. फराळ, खरेदी आणि कॅरलच्या धावपळीत महिना निसटतो आणि २६ तारखेला हात रिकामे वाटतात, असं ज्यांना होतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

वाचायचं मोठ्याने. घरात नुकतं वाचायला लागलेलं मूल असेल तर त्याला वाचू द्या, अडखळलं तरी चालेल. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे, तो निम्मा सकाळी, निम्मा रात्री. वाचून झालं की एकच विचारायचं : यातलं आज काय करायचं? काम एकच ठरवा, झोपण्याआधी होण्यासारखं, आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. त्यात आपला वेळ, पैसा किंवा ताठा यांपैकी काहीतरी खर्ची पडलं पाहिजे. ताठा सगळ्यात महाग पडतो.

दुसऱ्या अध्यायात, येशूच्या जन्माच्या वेळी, उतारशाळेत जागा नव्हती हे वाक्य येतं. इंदूरच्या मोठ्या दवाखान्यांबाहेर झाबुआ, धार, बडवानीहून आलेल्या पेशंटचे नातेवाईक डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर झोपतात, हे मी नोकरीभर पाहिलं. म्हणून २ तारखेला आमच्याकडे चादरी निघतात. त्याबद्दल दोन गोष्टी सांगते. एक जाड रजई देण्यापेक्षा दोन हलक्या चादरी द्या, कारण ते ओझं त्यांना बसमधून गावी न्यायचं असतं. आणि देऊन लगेच निघू नका. पाच मिनिटं शेजारी बसा, नाव विचारा. बऱ्याचदा त्यांना चादरीपेक्षा रिपोर्ट कोणत्या खिडकीवर मिळतो हे सांगणारं माणूस हवं असतं. फोटो काढायचा नाही.

१० तारखेला चांगला शोमरोनी येतो, वाटेत लुटून जखमी टाकलेल्या परक्याला उचलणारा. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला हे सगळ्यांना आठवतं. मी नर्स म्हणून पुढचं वाक्य धरते : दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन म्हणाला. तेव्हा १० तारखेला ज्याच्याकडे जाल, त्याच्याकडे ११ला पुन्हा जा.

१४व्या अध्यायात येशू सांगतो की जेवायला बोलवायचं तर ज्यांना परतफेड करता येत नाही अशांना बोलवा. आमच्या गल्लीत रोज सकाळी कचरागाडी येते. पहिल्या वर्षी मी गाडीवरच्या दोघांना सकाळीच आत बोलावलं. ते दारात उभे राहिले, ‘दीदी, यहीं दे दो.’ गाडी चालू, पुढची अख्खी लाइन बाकी, त्यांनी बसायचं कसं? चूक माझी होती, मी त्यांची वेळ पाहिलीच नव्हती. आता आधी विचारते. ते दुपारी दोननंतर येतात, टेबलावर आमच्याच ताटांत जेवतात आणि मी वाढते. पाहुण्याच्या सोयीने बोलावणं म्हणजे काय, ते मला त्या दारात कळलं.

१५व्या अध्यायाला मी कित्येक वर्षं घाबरत असे. हरवलेला मुलगा घरी येतो तो भाग गोड आहे, पण मोठा भाऊ रागावून आत जायला तयार नसतो आणि बापच बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, तिथे मला स्वतःचा चेहरा दिसायचा. सासूबाईंच्या पाटल्यांवरून माझं आणि वन्संचं बिनसलं होतं. चार वर्षं बोलणं बंद. नाताळात फराळाचा डबा भाच्याच्या हाती जायचा आणि रिकामा परत यायचा. आमच्यात डबा रिकामा पाठवत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. एका १५ डिसेंबरला मी बस पकडून राजेंद्र नगरला त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दार उघडल्यावर ‘वन्सं, माझं चुकलं’ एवढंच तोंडातून आलं. त्यांनी चहा ठेवला. पाटल्यांचा विषय निघाला नाही, आम्ही सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत बसलो. असं काम फोनवर करू नका. जाता येण्यासारखं असेल तर जा, आणि ‘पण तुम्हीही’ हे शब्द घरी ठेवून जा.

१६ला श्रीमंताच्या दारात पडलेला भिकारी लाजर : स्वतःच्या फाटकाबाहेर नीट पाहा. १९ला जक्कय, लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणणारा जकातदार : उसनी आणलेली भांडी, पुस्तकं, पैसे परत करा. मुलांना हा दिवस फार आवडतो.

२० तारखेला शेजारणी करंज्यांना येतात. सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलची. कडेला दुधाचं बोट फिरवून घट्ट दाबायचं आणि मगच कातण चालवायचं, नाहीतर सारण तेलात सुटतं. पहिल्या घाण्यातल्या करंज्या घराबाहेरच्यांसाठी, आपल्या घरच्यांनी दुसऱ्या घाण्याची वाट पाहायची.

२३ तारखेला, चांदण्या लागलेल्या असताना, वधस्तंभाचा अध्याय येतो. मुलं कुरकुरतात, तरी तो गाळू नका. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ इथे मी नन असलेल्या सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट सांगते. त्या उदयनगर भागात आदिवासी मजुरांमध्ये काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये चाकूने वार करून त्यांचा खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरमध्येच राणी मारिया यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं. आम्ही प्रोटेस्टंट, त्या कॅथलिक, पण ही क्षमा आमच्याच गावाजवळ घडली हे मुलांना ठाऊक असावं.

२४ला अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य अनोळखी सोबत्याला संध्याकाळ झाली म्हणून मुक्कामाला थांबवतात, आणि तो पुन्हा उठलेला येशूच असतो. तो अध्याय वाचून आम्ही व्हाइट चर्चला निघतो.

पंचवीसनंतर सामान गुंडाळू नका. ६ जानेवारीला मागी लोकांचा, म्हणजे पूर्वेकडून बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांचा, सण आहे, तोपर्यंत रोज एका घरी जा, खास करून जिथे या वर्षी कोणी गेलं आहे तिथे. त्या घरचा पहिला नाताळ फार जड असतो. तिथे कॅरल नको, एक स्तोत्र वाचा आणि थोडा वेळ गप्प बसा.

त्या वर्षी डबा घेऊन मी स्वतःच वन्संकडे गेले होते. ६ जानेवारीला त्या तो परत घेऊन आल्या. आत तिळाच्या वड्या होत्या, अजून कोमट.