रोकड जुळेना? शाळेच्या कार्यालयात या चुका टाळा

संध्याकाळी रोकड मोजली आणि कीर्दीपेक्षा, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीपेक्षा, 180 रुपये जास्त निघाले, तर ते पाकिटात घालून "नंतर बघू" म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत माझ्या हातून हेच झालं. ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी एका पालकानं मुलीची फी भरली. पावती 5,640 ची दिली, कीर्दीत लिहिले 5,460. उन्हाळ्यात तो कारखान्यावरून परतला, तेव्हा आम्ही त्याला 180 रुपये बाकी सांगितली. त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेली पावती काढली आणि टेबलावर सरळ करून ठेवली. आजही ती पावती डोळ्यासमोरून जात नाही.

फरक आला की आधी फरकाच्या आकड्याकडं बघा. त्याला 9 नं पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. 180 ला जातोच. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधा; 700 चा फरक असेल, तर 350 ची जमा रक्कम खर्चाच्या बाजूला पडलेली असू शकते. तरी सापडेना, तर पावतीपुस्तकाची कार्बन प्रत घ्या. एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं कीर्दीत टिक करायची. स्वतःचंच लिहिलेलं एकट्यानं तपासताना डोळा चुकीवरून घसरतो. चूक सापडली की व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारा, वर बरोबर रक्कम, शेजारी सही आणि तारीख.

पासबुकाचा कीर्दीशी ताळमेळ मार्चवर ढकलू नका. धनादेश तीन महिनेच चालतो. दिलेला कुणाच्या खिशात पडून आहे, हे दर महिन्याला कळलं पाहिजे.

फेब्रुवारीत पगार शंभरानं कमी आला म्हणून गुरुजी विचारायला येतात. त्यांना शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीकडं बोट दाखवून "तिथंच तसं आलंय" म्हणून परत पाठवू नका. व्यवसाय कर अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500, एवढं कागदावर मांडून दाखवा.

आणि मुख्याध्यापक जिल्ह्याला निघालेत म्हणून कोऱ्या धनादेशांवर सह्या घेऊन ठेवू नका, त्यांनी स्वतःहून दिल्या तरी. एक दिवस उशिरा पैसे दिलेले चालतात.