लॅव्हेंडर: आधी जात ओळखा, मग चमचा उचला

लॅव्हेंडर घातलेली खीर साबणासारखी लागते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिची दोन कारणं असतात: चुकीच्या जातीचं फूल आणि जास्त प्रमाण. एकाच नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, म्हणून सुरुवात ओळखीपासून.

स्वयंपाकाला चालतं ते खरं लॅव्हेंडर, लॅव्हेंडुला अंगुस्टिफोलिया. पानं अरुंद, करडी-हिरवी, कडा सरळ. देठ आखूड आणि सहसा फांद्या न फुटलेला, टोकाला फुलांचं एकच कणीस. लॅव्हेंडिन हा त्याचा रुंद पानांच्या जातीशी झालेला संकर. त्याचं झुडूप मोठं, देठ लांब आणि मुख्य कणसाखाली बहुधा दोन छोटी कणसं फुटलेली. बी धरत नसल्यामुळे त्याची लागवड फक्त छाटकलमांनी होते. साबण-अत्तरांसाठी ते परवडतं, कारण साधारण 40 किलो फुलांत किलोभर तेल निघतं. खऱ्या लॅव्हेंडरला त्यासाठी 100 ते 130 किलो फुलं लागतात. पण खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलात कापूर साधारण 1 टक्क्याच्या आत असतो, तर ग्रोसो या सर्वांत प्रचलित लॅव्हेंडिनमध्ये तो 6 ते 8 टक्के. गोड पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा या कापरामुळे. सुकी फुलं चिमटीत चोळून पाहा: मऊ, गोडसर वास आला तर घ्या, नाकात कापराचा भपका आला तर ती कपाटात ठेवायच्या पुरचुंडीसाठी.

नर्सरीतल्या रोपांत आणखी तिघांची भर पडते. पानांच्या कडा दातेरी असतील तर ते डेंटाटा. कणसाच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या पाकळ्या उभ्या असतील तर स्टोईकस. पानं नेच्यासारखी चिरलेली असतील तर मल्टिफिडा. तिन्ही बागेत छान दिसतात, पण त्यांची फुलं खाण्यात घेऊ नका.

स्वयंपाकघरात

खाण्यासाठी म्हणून विकलेलीच फुलं घ्या. शोभेच्या सुगंधी मिश्रणात वरून अत्तर मारलेलं असू शकतं. लॅव्हेंडरचं तेल पदार्थात घालू नका, एक थेंबसुद्धा नाही. ताजी फुलं वापरणार असाल तर सुक्याच्या तिप्पट घ्या.

सुरुवात सरबताच्या पाकापासून करावी, कारण त्यात चूक सुधारता येते. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी उकळून गॅस बंद करा. आता एक मोठा चमचा सुकी फुलं घालून झाकण ठेवा. 15 मिनिटांनी गाळा, फुलं दाबून पिळू नका. उकळत्या पाकात फुलं शिजवली की सुगंध वाफेबरोबर उडून जातो आणि मागे कडवटपणा उरतो, म्हणून गॅस आधी बंद. गाळलेला पाक जांभळा नसतो. मळकट, तपकिरीकडे झुकलेला दिसतो. तो बिघडलेला नाही. त्यात लिंबू पिळताच रंग गुलाबीकडे वळतो, कारण फुलांमधलं रंगद्रव्य आंबटपणात रंग बदलतं. बाजारातला पाक गडद जांभळा असेल तर वरून रंग घातलाय असं समजा. पेलाभर गार पाण्याला दोन चहाचे चमचे पाक, अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ पुरे. उरलेला पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो.

दुधाच्या पदार्थांना हात आणखी आखडता ठेवा. अर्धा लिटर दूध वाफ येईपर्यंत तापवा, उतरवा, अर्धा चहाचा चमचा फुलं घाला, झाका आणि आठ मिनिटांनी गाळा. मग खीर किंवा कस्टर्ड करा. बासुंदीत मात्र हे दूध आटवणीच्या शेवटी मिसळा. तासभर आटवलं तर वास राहत नाही.

श्रीखंडाच्या चक्क्यात फुलं मुरवता येत नाहीत, त्यासाठी लॅव्हेंडर साखर करून ठेवावी. 200 ग्रॅम साखरेत दोन चहाचे चमचे फुलं मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर ठेवा, रोज एकदा हलवा, मग चाळून घ्या. नानकटाईला 250 ग्रॅम मैद्यामागे एक सपाट चमचा फुलं साखरेबरोबर दळून घाला. अख्खी फुलं दाताखाली कचकचतात, शिवाय पृष्ठभागावरची करपून कडू होतात.

वेलदोडा आणि लॅव्हेंडर एकत्र नकोत, दोघंही पुढे यायला बघतात. हापूसला तर मुळीच लावू नका, त्याला स्वतःचा वास पुरेसा आहे. लिंबू, मध, बदाम आणि सायीचं दही यांच्याशी छान जमतं. तिखटात धने हा याचा खरा सोबती, कारण लॅव्हेंडरमधलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य धन्याच्या तेलातही मुख्य असतं. अर्धा किलो बटाट्याच्या फोडी तेलावर खरपूस परता, एक चमचा भरड धने आणि मिरपूड घाला, आणि शेवटच्या दोन मिनिटांत पाव चमचा चुरडलेली फुलं. आधी घातली तर करपतात.

‘प्रोव्हान्सच्या वनस्पती’ म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागाच्या नावाने विकलं जाणारं सुक्या पाल्याचं मिश्रण. त्यात लॅव्हेंडर असायलाच हवं असा समज आहे, पण तो खरा नाही. फ्रान्समधल्या लाल शिक्क्याच्या प्रमाणित मिश्रणात रोझमेरी, सेव्हरी, ओरेगानो, थाइम आणि तुळशीच्या कुळातलं बेसिल एवढंच असतं.

कुंडीत आणि शेतात

खऱ्या लॅव्हेंडरला थंड हिवाळा, भरपूर ऊन आणि पाणी न साठवणारी, किंचित चुनखडीची जमीन लागते. आपल्याकडे त्याचा घात पावसाळा करतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते टिकवणं अवघड. पुणे-नाशिककडे कुंडीत जमतं, फुलं मात्र बेताचीच येतात.

10-12 इंची मातीची कुंडी घ्या. दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग कंपोस्ट. काळी माती नको. बोट दोन इंच खुपसल्यावर कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही पानांवर न उडवता. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, पण वारा खेळेल अशा जागी ठेवा. माती ओली असूनही रोप मान टाकत असेल तर मुळं कुजताहेत. तेव्हा आणखी पाणी घालणं म्हणजे रोप घालवणं. नुसता पाला माजला आणि फूल नाही, तर खत जास्त झालंय. फुलोरा संपला की हिरव्या वाढीचा तिसरा हिस्सा छाटा. पानं नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घालू नका, तिथून सहसा फुटवा येत नाही.

बियांचा नाद सोडा: उगवण सावकाश आणि रोपं एकसारखी येत नाहीत. फुलं नसलेल्या फांदीचं 8-10 सेंटिमीटरचं छाटकलम, खालची पानं काढून, ओलसर वाळूत लावा. पाच-सहा आठवड्यांत मुळं धरतात.

सुकवण्यासाठी कणसातली पहिली दोन-चार फुलं उमलताच, दव उडाल्यावर कापा. लहान जुड्या करून अंधाऱ्या, कोरड्या जागी उलट्या टांगा. उन्हात सुकवलं की रंग आणि वास दोन्ही जातात. तेलासाठी मात्र निम्मीअधिक फुलं उमलेपर्यंत थांबतात.

भारतातली या शेतीची खरी भूमी म्हणजे जम्मूच्या डोडा जिल्ह्यातलं भद्रवाह. केंद्र सरकारच्या सीएसआयआर या संशोधन परिषदेच्या जम्मूतल्या आयआयआयएम संस्थेने, सुगंधी पिकांसाठीच्या अरोमा मिशन या योजनेतून, रोपं आणि ऊर्ध्वपातनाची यंत्रं पुरवली, आणि मक्याच्या उतारावरच्या शेतांत लॅव्हेंडर आलं. महाराष्ट्राच्या सपाटीवर हे पीक व्यापारी म्हणून लावू नये. सुगंधी पीकच हवं असेल तर गवती चहा, पामरोझा किंवा वाळा घ्या. सह्याद्रीत लॅव्हेंडरच्या कुळातलं लॅव्हेंडुला गिब्सोनाय हे झुडूप रानात आपोआप उगवतं. दिसलं तर पाहा, उपटू नका.

पाहायला जाताना

भद्रवाहला जून ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत जावं. जम्मूहून उधमपूर, बटोत, डोडा असा घाटरस्ता आहे, अख्खा दिवस धरा. शेतं लहान आणि पायऱ्यापायऱ्यांची असतात, क्षितिजापर्यंत जांभळा पट्टा मिळणार नाही. पण ऊर्ध्वपातनाची भट्टी चालू असेल तर तेल पाण्यावर तरंगताना समोर बघता येतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या.

प्रोव्हान्सला जाणार असाल तर उंची पाहून तारीख ठरवा. व्हॅलेन्सोलच्या पठारावर मुख्यतः लॅव्हेंडिन आहे. ते जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाहून घ्यावं, त्यानंतर कापणी सुरू होते. सो हे गाव त्याहून उंचावर, तिथे खरं लॅव्हेंडर उशिरा फुलतं, म्हणून जुलैचा उत्तरार्ध चालतो. गावचा लॅव्हेंडर उत्सव 15 ऑगस्टला असतो, पण तोवर बरीचशी शेतं कापलेली असतात. ओळींत शिरण्याआधी मालकाला विचारा आणि पाय झाकणारे कपडे घाला, फुलांवर मधमाश्या दाटलेल्या असतात.

विकत घेताना पाकिटावर अंगुस्टिफोलिया हे नाव आणि कापणीचं वर्ष शोधा. घरी आणल्यावर फुलं काचेच्या घट्ट बरणीत, ओट्यापासून दूर, अंधारात ठेवा. वर्षभरात संपवा.