२०० फ्लायचा फॉर्म भरायच्या आधी

माझा धंदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा. पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. पण गेली सहा वर्षं पहाटे साडेपाचला टँकच्या पायरीवर बसून दोन पोरांचं पोहणं बघतोय, आणि एक चूक पदरात पडलीय. तेवढ्या जोरावर लिहितोय.

थोरली सातवीत असताना तिचं १०० फ्लाय, म्हणजे शंभर मीटर बटरफ्लाय, झकास चाललेलं. कोच म्हणत होते, जरा थांबूया. मीच हट्टानं २०० चा फॉर्म भरला. शंभर येतंय तर दोनशे म्हणजे काय, दुप्पट! आमचा टँक २५ मीटरचा आणि स्पर्धा ५० मीटरच्या टँकात. २५ च्या टँकात दोनशेला ७ टर्न मिळतात, म्हणजे ७ वेळा भिंतीला पाय लावून ढकलायचं आणि तेवढा वेळ हातांना सुट्टी. ५० च्या टँकात टर्न ३च. हे गणित मी केलंच नव्हतं. सव्वाशेनंतर तिचे हात पाण्याबाहेर निघेनात. १५० च्या भिंतीला एक हात आधी टेकला, दुसरा मागनं आला. फ्लायला दोन्ही हात एकदम टेकावे लागतात, त्यामुळे टर्नवरच्या पंचाचा हात वर गेला. तिला काय ठाऊक? राहिलेले ५० मीटर कसेबसे ओढले, बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, मी मधे थांबलो नाही हं." डीक्यूचं, म्हणजे बाद झाल्याचं, सांगताना माझीच जीभ जड झाली. त्यानंतर चार महिने तिनं फ्लायचं नाव काढलं नाही.

आता धाकट्याच्या वेळी मी घड्याळाआधी हात मोजतो. एका लेंथला, म्हणजे टँकच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, किती स्ट्रोक लागले ते वहीत लिहायचं, बस्स. १०० फ्लाय सलग पोहायला लावा आणि चारही लेंथ वेगवेगळ्या मोजा. पहिली ११ मध्ये आणि चौथी १३ मध्ये झाली तर पोरगं दमलंय, पण स्ट्रोक शाबूत आहे. ११ चे १६ झाले तर हात नुसते पाण्यातनं घसरतायत, पकड गेली. थोरलीचे त्या दिवसांत १७ व्हायचे आणि मी टायमिंग बघून खूश! मात्र नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. पोरं हुशार असतात. आपण मोजतोय हे कळलं की लांब ग्लाईड मारून, म्हणजे हात न मारता नुसतं सरकत, आकडा कमी करतात. म्हणून शेवटच्या ५० चा वेळ शेजारी लिहायचा. आकडा तोच आणि वेळ भलताच वाढला, तर ती लबाडी समजा.

शंभर असं सावरलं की मग तुकड्यांत २००: पन्नास पोहायचं, भिंतीला दहा सेकंद, पुन्हा पन्नास, असे चार. चौथ्या पन्नासातही दोन्ही हात एकदम टेकत असतील आणि पाय एकत्र मारत असतील, तर पुढचं बोलणं कोचशी करा. आणि शक्य असेल तर एकदा तरी ५० च्या टँकात पोहवून बघाच.

पायऱ्याही असतात. आमचे कोच २०० फ्री (फ्रीस्टाईल), मग २०० आयएम (एकाच शर्यतीत चारही प्रकार), आणि त्यानंतरच २०० फ्लाय किंवा ४०० आयएम असं चढवतात. मला ते पटलंय, कारण २०० आयएममध्ये फ्लाय ५०च मीटर असतं, पण त्याच्यामागून बॅक, ब्रेस्ट, फ्री दमल्या हातांनी करायचं असतं. तिथं पोराचा दम आणि डोकं दोन्ही कळतं.

खांदा दुखतो म्हणालं की विषय बंद, आधी डॉक्टर. आणि उंची भराभर वाढत असेल, तीन महिन्यांत पँट आखूड व्हायला लागली, तर त्या काळात नवी इव्हेंट नको. हातपाय लांबतात आणि बसलेला स्ट्रोक विस्कटतो. तो आळस नसतो.

टँकवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वीरधवल खाडे १६ व्या वर्षी ऑलिंपिकला गेला, आपलं पोरगं अजून पन्नासातच?" अहो, २००८ ला बीजिंगमध्ये तो पोहला ते ५०, १०० आणि २०० फ्री. २०१० च्या एशियाडला ब्राँझ आणलं ते ५० मीटर फ्लायमध्ये. कोल्हापूरच्या पोरानं पन्नासात एवढं केलं, आणि आपल्याला पन्नास हलकं वाटतंय!

पोराला स्वतःला काय वाटतं, हे टँकवर विचारू नका. तिथं कोच असतात, दोस्त असतात, ते "हो"च म्हणणार. मी धाकट्याला रविवारी गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला नेतो. ग्लास निम्मा झाला की सहज विचारतो, "दोनशे फ्लायचं काय करायचं?" मागच्या महिन्यात ओठावरचा फेस पुसत म्हणाला, "दीदी करतीय तर मी पण." म्हणजे अजून नाही. परवा मात्र त्यानंच उलट विचारलं, "पप्पा, तिसऱ्या पन्नासात श्वास दर स्ट्रोकला घेतला तर चालतंय काय?"

वहीत त्याची चौथी लेंथ सध्या १४ आहे. या खेपेच्या फॉर्मवर २०० आयएमवर खूण केलीय, फ्लायचा रकाना कोरा ठेवलाय.