ब्रिटनमध्ये इमर्जन्सी केअर असिस्टंट व्हायचंय? आधी लायसन्सचं बघा

रुग्णवाहिकेवर पॅरामेडिकच्या (तातडीचे उपचार करणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या) जोडीला असतो तो इमर्जन्सी केअर असिस्टंट. गाडी चालवणं, पेशंटला जिन्यावरून खाली आणणं, नाडी-रक्तदाब बघणं, ईसीजीचे इलेक्ट्रोड लावणं ही त्याची कामं. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, हे पद बहुधा बँड ३ या वेतनश्रेणीचं असतं. लंडनमध्ये मिळतंजुळतं पद ‘असिस्टंट अ‍ॅम्ब्युलन्स प्रॅक्टिशनर’ या नावाने निघतं, तेव्हा जाहिराती शोधताना एकाच नावावर अडून राहू नका.

खरा वेळ खातं ते लायसन्स. रुग्णवाहिकेचं वजन साडेतीन टनांच्या वर जातं, म्हणून सी१, म्हणजे तसल्या जड गाडीचं लायसन्स, लागतं. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून १२ महिनेच मोटार चालवता येते आणि ते थेट बदलूनही मिळत नाही. आधी तिथली मोटारीची परीक्षा द्या. मग डॉक्टरकडून डी४ हा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म भरून घ्या, तो डी२ या अर्जासोबत डीव्हीएलएकडे (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याकडे) पाठवा आणि प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, सी१ मिळवा. थिअरी परीक्षेत प्रश्नांना १०० पैकी ८५ आणि हॅझर्ड परसेप्शनमध्ये (व्हिडिओत रस्त्यावरचा धोका दिसताच क्लिक करायच्या भागात) १०० पैकी ६७ गुण हवेत. व्हिडिओ सुरू असताना धडाधड क्लिक करत राहिलात तर त्या क्लिपला शून्य मिळतो; चांगले चालकही इथेच गुण घालवतात. थिअरी पास झाल्यापासून दोन वर्षांत प्रात्यक्षिक उरका. काही ठिकाणी प्रोव्हिजनलवरही अर्ज घेतात, जाहिरात नीट वाचा. लायसन्सवरचे पेनल्टी पॉइंट (वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दलचे दंडगुण) मात्र सगळीकडे बघतात.

सी१ चालू असतानाच बाकीचं हाती घ्या. इंग्रजी-गणिताला जीसीएसई (तिथली शालान्त परीक्षा) ग्रेड ४ किंवा त्याऐवजी फंक्शनल स्किल्स ही व्यवहारोपयोगी परीक्षा लेव्हल २ ची मागतात. लसीकरणाचे कागद गावाकडून मागवून ठेवा. हेपेटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकाने सहा महिने घेतात. डीबीएस या गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या तपासणीसोबत भारतातलं पोलिस प्रमाणपत्रही मागू शकतात. अनुभव नसेल तर केअर होम किंवा पेशंट ट्रान्सपोर्टमध्ये (तातडीची गरज नसलेल्या रुग्णांची ने-आण करणाऱ्या सेवेत) काम करा. माणसाला न दुखवता कुशीवर वळवायचं कसं, हे तिथेच हाताला बसतं.

निवडीत शारीरिक चाचणी असते. सीपीआरचा (हृदय थांबलेल्याची छाती दाबून श्वास देण्याचा) सराव करून जा: मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे दोन श्वास. दमल्यावर दाब उथळ होतो आणि छाती पूर्ण वर येऊ दिली जात नाही, याकडे लक्ष ठेवा. निवड झाली की वर्गातलं शिक्षण आणि निळे दिवे लावून तातडीने गाडी चालवण्याचं प्रशिक्षण तिथेच मिळतं.

कामावर रुजू झालात की शिफ्टच्या सुरुवातीला ऑक्सिजन स्वतः तपासा. सीडी आकाराच्या छोट्या सिलिंडरमध्ये तो पूर्ण भरलेला असताना ४६० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १५ लिटरने सोडला तर जेमतेम अर्धा तास पुरतो, आणि काटा अर्ध्यावर असेल तर पंधराच मिनिटं. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच: बोट गार असेल किंवा नखाला गडद पॉलिश असेल तर आकडा चुकतो. पॉलिश पुसा, बोट चोळून गरम करा, पुन्हा लावा, मगच पॅरामेडिकला आकडा सांगा.