सोलरची बॅटरी चार्ज होत नाही? कंट्रोलर बदलण्याआधी या चुका टाळा

वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मला बोलावलं, तोवर त्यांचे दोन कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधले चार्जिंग सांभाळणारे डबे, बदलून झाले होते. "तिसरा घेऊ का रे? हा पण जळलेला दिसतोय," त्यांनी विचारलं. गच्चीवर 100 वॅटचं एक पॅनेल, खाली 12 व्होल्टची बॅटरी, तिच्यावर दोन दिवे आणि एक पंखा. कंट्रोलरवरचा हिरवा दिवा व्यवस्थित लागलेला. पॅनेलच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला तर 20.6 व्होल्ट. आधीच्या कारागिराने इथेच थांबून पॅनेलला पास केलं होतं आणि दोष कंट्रोलरच्या माथी मारला होता.

वायरी परत जोडल्या. बॅटरीत जाणारा करंट जेमतेम 0.2 ॲम्पिअर.

दुपारचे साडेबारा वाजले होते, महिना डिसेंबर. पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडली होती, फार तर वीतभर. मी पॅनेल सोडवून चार फूट सरकवलं आणि आकडा 4.6 वर गेला. मावशींचे जुने दोन्ही कंट्रोलर घरी आणून टेबलावर तपासले. दोन्ही चांगले निघाले.

वीतभर सावलीने एवढं का व्हावं? छोट्या पॅनेलमध्ये 36 सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि सहसा दोन बायपास डायोड असतात. एका अर्ध्यातल्या एखाद्या सेलवर सावली आली की डायोड तो अख्खा अर्धा भाग बाजूला टाकतो. करंट वाहताना मिळणाऱ्या 18 व्होल्टचे राहतात 9. नऊ व्होल्टवरून बारा व्होल्टच्या बॅटरीत करंट शिरणार कसा? आणि वायर सुटी करून मोजली की करंटच वाहत नसतो, म्हणून व्होल्टेज जवळपास पूर्ण दिसतं. सुट्या वायरीवर व्होल्ट बघून पॅनेल पास करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मोजायचं ते जोडलेल्या अवस्थेत, उन्हात, आणि करंटसकट.

ते पॅनेल मे महिन्यात बसवलं होतं. मुंबईत 15 मेच्या आसपास भर दुपारी आपली सावली पायाखाली जाते, मग टाकीची कुठून दिसणार? डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की सहा फुटी टाकीची सावली दुपारीही साडेपाच फूट उत्तरेला पडते. उन्हाळ्यात जागा ठरवताना दक्षिणेकडे काय काय उभं आहे ते बघाच. शेजारी नवीन टॉवर उठत असेल तर तोही.

आता वायर. गच्चीवरून खाली दहा मीटर दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढलेली मी नेहमी बघतो. जाऊन-येऊन वीस मीटर झाले. दहा ॲम्पिअर वाहताना तिच्यातच जवळपास अडीच व्होल्ट खर्च होतात. त्यात उन्हाळ्यात पॅनेल 60-65 अंशांपर्यंत तापतं आणि 18 व्होल्टचे पंधरा-सोळाच उरतात. वायरीतले अडीच वजा करा. बॅटरी पूर्ण भरायला 14.4 लागतात, ते येणार कुठून? बॅटरी रोज थोडी उपाशी राहते आणि वर्षभरात बसते. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून चारची तांब्याची डीसी वायर आणा. खर्च होतो खरा, पण नव्या बॅटरीपेक्षा कितीतरी कमी.

बॅटरीच्या बाजूचीही तीच गोष्ट, फक्त ती लवकर लक्षात येत नाही. चार्जिंग चालू असताना आधी कंट्रोलरच्या बॅटरी पेचांवर मोजा, मग थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. एकीकडे 14.4 आणि दुसरीकडे 13.1 आले तर मधला फ्यूज, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) किंवा ढिला पेच मार खातोय. कंट्रोलरला वाटतं बॅटरी भरली, म्हणून तो हात आखडता घेतो. समुद्राकाठी हे फारच होतं. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं, पॅनेलच्या वायरींच्या एमसी-फोर जोडाच्या (प्लगच्या) आत पाणी शिरतं. टर्मिनलवरची पांढरी पावडर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, कोरडं करा, पेच आवळा, वर व्हॅसलिन लावा. सोड्याचं पाणी झाकणातून बॅटरीत मात्र जाऊ देऊ नका.

मुंबईत आणखी एक गोंधळ असतो. वीज फारशी जात नाही, आणि लोक सोलर त्याच इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडतात. मेनचा चार्जर बॅटरी आधीच 13.8 वर धरून बसलेला असतो, मग सोलर कंट्रोलरला भरायला उरतं काय? शून्य ॲम्पिअर दिसले की कंट्रोलर गेला असं समजू नका. इन्व्हर्टरचा मेन बंद करा, दोन-चार दिवे तासभर जळू द्या, आणि परत बघा.

करंट मोजायला साधा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून मोजणारा) लावू नका. बरेचसे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि डीसीवर शून्यच दाखवतात.

जोडायचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल. 12 व्होल्ट की 24, हे बरेच कंट्रोलर बॅटरी बघूनच ठरवतात. बॅटरी नसताना पॅनेल आलं की काही मॉडेल चुकीचं ठरवतात, काही जळतात. हाताळताना पॅनेलवर जाड चादर टाका, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा.

बॅटरी पार बसली असेल तर अनेक कंट्रोलर तिला ओळखतच नाहीत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांच्या बॅटऱ्या दोन महिने तशाच पडून राहतात. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर नाखवा फोन करतो, "कंट्रोलर चालू होत नाय." बॅटरी 8 व्होल्टवर आलेली असते. ती आधी बाहेरच्या चार्जरवर घ्यावी लागते, आणि कधीकधी तीही वाचत नाही. लिथियमवर शून्य व्होल्ट दिसले तर आतल्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) तोडलेलं असू शकतं, बॅटरी मेलेली असेलच असं नाही.

स्वस्तात मिळालं म्हणून 330 वॅटचं मोठं पॅनेल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर (पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचणाऱ्या स्वस्त प्रकारावर) लावू नका. त्याचे 38 व्होल्ट 13 वर ओढले जातात, करंट तेवढाच राहतो आणि हाती येतात 115 वॅट. शिवाय त्याचं सुटं व्होल्टेज 46 च्या आसपास जातं, लहान कंट्रोलरला ते झेपेलच असं नाही. अशा पॅनेलला एमपीपीटीच हवा, म्हणजे जास्तीचे व्होल्ट करंटमध्ये बदलणारा कंट्रोलर.

एवढं सगळं बघितल्यावर, पॅनेल पूर्ण उन्हात, कंट्रोलरच्या पॅनेल पेचांवर 18 च्या वर, बॅटरी 12.5 च्या खाली, मेन बंद, कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलेला, आणि तरीही करंट शून्य असेल, तर मात्र कंट्रोलर बदला.