सरकारी जाहिरातीची भाषा कशी तपासायची

वर्तमानपत्रातली जाहिरात कापून घेऊ नका, अख्खं पान ठेवा. तारीख, आवृत्ती आणि तळाशी बारीक अक्षरांत छापलेला क्रमांक नसेल तर पुढचा माहिती अधिकाराचा अर्ज अडतो. होर्डिंगचा फोटो काढताना खालची पट्टीही येऊ द्या.

मग लाल पेन घ्या. इंदुरात जाहिराती हिंदीत येतात आणि 'सौगात', 'ऐतिहासिक', 'अभूतपूर्व' यांच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. असे शब्द खोडा. उरलेल्या मजकुरात सेवा कोणाला, कोणत्या कागदांवर, कुठे, किती शुल्कात आणि किती दिवसांत मिळेल, हे सापडायला हवं. 'वृद्धों को सम्मान की सौगात, पेंशन अब आपके द्वार' अशी ओळ असेल, तर खोडल्यावर पेन्शन आणि दार एवढंच उरतं. आजीने कुठल्या झोन कार्यालयात जायचं, ते कळतच नाही. मुदत तर हमखास गायब असते. मध्यप्रदेशात 2010 चा लोकसेवा हमी कायदा आहे. त्याखाली अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या सेवेला मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरलेला असतो. म्हणजे छापायला माहिती नव्हती, ही सबब चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2015 रोजी घालून दिलेल्या तत्त्वांनुसार सरकारी जाहिरात वस्तुनिष्ठ, निष्पक्ष आणि समजेल अशी असावी, पक्षाचा प्रचार करणारी नसावी. तक्रार याच मुद्द्यांवर करा. नुसत्या फोटोवरून करू नका, बहुतेक वेळा ती टिकत नाही: 18 मार्च 2016 च्या निकालाने मुख्यमंत्री आणि संबंधित मंत्र्यांच्या छायाचित्रांनाही मुभा दिली आहे. पक्षाचं चिन्ह किंवा विरोधकांना टोमणा असेल तर मात्र सोडू नका. केंद्रीय खात्याची जाहिरात असेल तर त्यासाठी 2016 मध्ये नेमलेली आशय नियमन समिती दिल्लीत आहे.

राज्याच्या किंवा महापालिकेच्या जाहिरातीसाठी आधी माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क 10 रुपये. अर्ज मराठीत नको. कायद्याला हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाची राजभाषाच चालते. 'असं का लिहिलं?' हा प्रश्न माहितीत बसत नाही, उत्तर टाळायला आयती वाट मिळते. त्याऐवजी मजकूर मंजूर करणाऱ्या टिपणीची प्रत, खर्चाचं देयक आणि त्या सेवेच्या मुदतीचा आदेश मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील टाका.